कोनी आयलंडचे जुने पाळणे: शंभर वर्षांनंतर तिकीट काढावे का?

भारतातून आई-वडील अमेरिकेत आले की त्यांना कुठे कुठे न्यायचे, याची यादी न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांना पाठ असते. गेल्या सप्टेंबरमध्ये माझे वडील आले, त्यांनी यादीतला पुतळा पाहिला, उंच इमारती पाहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता विचारले, "इकडं एखादं जुनं यंत्र चालू स्थितीत बघायला मिळंल का?" साताऱ्याला एसटीच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, त्यामुळे संग्रहालयात काचेमागे ठेवलेले यंत्र दाखवून भागणार नव्हते. म्हणून त्यांना आणि माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन मी ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, कोनी आयलंडला गेले. १९२० साली सुरू झालेला आकाशपाळणा आणि १९२७ साली सुरू झालेला लाकडी रुळांचा रोलर कोस्टर तिथे आजही मूळ जागी उभे आहेत आणि तिकीट काढून कोणालाही त्यांत बसता येते. हे परीक्षण मुख्यतः या दोघांचे आहे. बाकीच्या गोष्टींचा उल्लेख जाता जाता येईल.

तिथे पोहोचणे सोपे आहे. पेन स्टेशनवर उतरून हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत गेले की सबवेच्या, म्हणजे शहराच्या भुयारी रेल्वेच्या, डी, एफ, एन आणि क्यू या चारही गाड्या मिळतात आणि चारही शेवटी स्टिलवेल अव्हेन्यूला येऊन थांबतात. प्रवास साधारण तासाभराचा आहे. कोनी आयलंड एकेकाळी खरोखर बेट होते. मधली खाडी भरून निघाल्यावर ते जमिनीला जोडले गेले, नाव मात्र तसेच राहिले. सबवे १९२० साली येथे पोहोचली आणि पाच सेंटांत शहराच्या कोणत्याही कोपऱ्यातून समुद्रकिनारा गाठता येऊ लागला. तोपर्यंत ज्यांना गाडीभाड्यापायी घरीच बसावे लागे, ते शिवणकामाच्या कारखान्यांतले आणि गोदीतले कामगार सुट्टीच्या दिवशी लाखांच्या संख्येने येऊ लागले. कोनी आयलंडला 'निकेल एम्पायर', म्हणजे पाच सेंटांच्या नाण्याचे साम्राज्य, हे नाव त्यावरून पडले. ज्या दोन पाळण्यांविषयी मी लिहीत आहे, ते दोन्ही याच गर्दीच्या जोरावर उभे राहिले.

आधी रोलर कोस्टर. त्याचे नाव सायक्लोन. सर्फ अव्हेन्यू आणि वेस्ट टेन्थ स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर तो उभा आहे आणि ही जागा साधी नाही. जून १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन नावाच्या, आधी मोज्यांच्या धंद्यात असलेल्या गृहस्थाने येथेच 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. दोन टोकांना दोन उंच मचाणे आणि मध्ये सहाशे फुटांचा वर-खाली होणारा लाकडी मार्ग, एवढेच तिचे स्वरूप होते. लोक जिना चढून मचाणावर जात, समुद्राकडे तोंड करून बाकावर आडवे बसत आणि गाडी उताराने दुसऱ्या टोकाला पोहोचली की उतरत. मग माणसे ती गाडी ढकलून परतीच्या रुळांवर घालत. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्याकडची सायकल तिला सहज मागे टाकील. तिकीट पाच सेंट होते. तरीही झुंबड अशी उडाली की घातलेला पैसा काही आठवड्यांत वसूल झाला, असे सांगतात.

थॉम्प्सनची कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. पेन्सिल्व्हेनियातल्या मॉक चंक गावी १८२७ पासून खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली आणण्यासाठी नुसत्या उताराच्या बळावर चालणारी रेल्वे होती. रिकामे डबे वर ओढून नेण्याचे काम खेचरे करीत. पुढे कोळसा वाहण्याचे काम संपले, पण त्या उतरणीवर बसण्यासाठी प्रवासी पैसे मोजून येतच राहिले. घाम गाळण्यासाठी केलेल्या मार्गावर हौसेने बसायला माणसे येतात, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांच्यातून हा सगळा धंदा जन्मला. थॉम्प्सनने खेचरे आणि कोळसा वगळला आणि उतार तेवढा शहराजवळ आणला. त्यानंतर सुधारणा फार वेगाने झाल्या. कोनी आयलंडवरच दुसऱ्या एकाने मार्ग वळवून गाडी निघाल्या ठिकाणी परत आणली, तर सॅन फ्रान्सिस्कोत १८८५ साली साखळीने गाडी चढावर ओढून नेण्याची सोय झाली. १९१० च्या आसपास जॉन मिलरने चढावर साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खटक्याची व्यवस्था केली आणि १९१९ साली रुळाच्या खालूनही पकड घेणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. या खालच्या चाकांमुळे गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती उरली नाही, आणि त्यामुळेच तीव्र उतार बांधण्याचे धाडस करता आले. सायक्लोन हे त्या धाडसाचे फळ आहे.

जॅक आणि आयर्विंग रोझेंथाल या भावांनी तो बांधवून घेतला, आराखडा व्हर्नन कीनन यांचा आणि बांधणी हॅरी बेकर यांची. २६ जून १९२७ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. पुढे तोही येथे येऊन बसला आणि विमानापेक्षा यात थरार अधिक आहे असे म्हणाला, ही गोष्ट येथे प्रत्येकजण सांगतो. ती मी जशी ऐकली तशी लिहीत आहे. तिकीट सुरुवातीला पंचवीस सेंट होते, म्हणजे शहरातून येथवर येण्याच्या गाडीभाड्याच्या पाचपट. दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळासाठी एवढे पैसे कामगार माणूस रांगेत उभा राहून देत असे, यावरून त्या काळी याचे आकर्षण किती असेल हे कळते.

मोजमापे सांगायची तर उंची ८५ फूट, मार्गाची लांबी २६४० फूट म्हणजे बरोबर अर्धा मैल, उतार बारा, वेग ताशी साठ मैलांपर्यंत, आणि पहिला उतार जवळजवळ साठ अंशांचा. एका गाडीला तीन डबे आणि तिन्ही मिळून चोवीस माणसे. सांगाडा पोलादी आणि त्यावरचा मार्ग लाकडी आहे. किनाऱ्यावरची एकेक उद्याने जिथे आगीत भस्मसात झाली, तिथे ही निवड शहाणपणाची ठरली. स्टीपलचेस पार्क १९०७ मध्ये जळाले, ड्रीमलँड १९११ मध्ये आणि जुने लूना पार्क १९४४ मध्ये. स्टीपलचेसचे मालक जॉर्ज टिल्यू यांनी तर दुसऱ्याच दिवशी जळलेले अवशेष पाहायला दहा सेंट तिकीट लावले होते. धंदा रक्तात असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

वडील सायक्लोनमध्ये बसणार नव्हते, हे घरूनच ठरले होते. ते रस्त्याच्या कडेला कुंपणापाशी थांबले आणि आम्ही दोघी रांगेत गेलो. कसबी माणूस यंत्र कसे पाहतो, ते मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. त्यांनी कुंपणाच्या नळीवर तळहात ठेवला होता. गाडी दूरच्या वळणावर असतानाच कंप हाताला लागत होता, आणि ती जवळ येऊन गेल्यावर तो एकदम थांबत होता. "सांगाडा हलतोय, पण हलून परत जागेवर येतोय. हे चांगलं लक्षण हाय. जो सांगाडा अजिबात हलत नाही तो एक दिवस तुटतो." घड्याळ लावून त्यांनी एक फेरी मोजली, ती एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची भरली. अधिकृत वेळ एक मिनिट पन्नास सेकंद आहे. या दोन सेकंदांचा दोष त्यांनी स्वतःच्या घड्याळाला दिला.

आत बसल्यावरचा अनुभव आजच्या पोलादी रोलर कोस्टरपेक्षा पार वेगळा आहे. स्थानकात उंच लिव्हर ओढून ब्रेक सोडणारी माणसे दिसतात. म्हणजे गाडी थांबवणे आणि सोडणे अजून माणसाच्या हातात आहे. गाडी सुटते, वळते, साखळीला लागते आणि मग तो टक-टक-टक आवाज सुरू होतो. लहान मुलांना तो भीती वाढवण्यासाठी मुद्दाम काढलेला आवाज वाटतो. प्रत्यक्षात तो गाडी मागे घसरू न देणाऱ्या खटक्याचा आवाज आहे, आणि तो ऐकू येतो तोवर सगळे ठीक चालले आहे असे समजावे. चढताना डावी-उजवीकडे छपरे खाली जातात, पुढे अटलांटिक दिसू लागतो, किनाऱ्यावरची माणसे तिळाएवढी होतात, आणि माथ्यावर आवाज थांबतो. त्यानंतर पुढचा सगळा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणाचा आहे. इंजिन नाही, मोटर नाही. या पहिल्या चढावर जी उंची कमावली तीच शेवटपर्यंत थोडी थोडी खर्च करायची. म्हणूनच बारा उतार क्रमाक्रमाने लहान होत जातात.

आम्ही पहिली फेरी मधल्या डब्यात आणि दुसरी अगदी शेवटच्या रांगेत बसून केली, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. पुढचे डबे माथा ओलांडून उताराला लागले की त्यांचे वजन मागच्या डब्याला ओढते, त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूस माथ्यावरून पूर्ण वेगाने फेकल्यासारखा खाली येतो आणि क्षणभर बाकावरून उचलला जातो. वरच्या मार्गाचे आडवे बहाल डोक्यापासून हातभर अंतरावर आहेत असे वाटते. तसे ते नाहीत, पण लेकीने प्रत्येक वेळी मान आत घेतली आणि मीही घेतली. लाकडी मार्ग पोलादी नळीसारखा गुळगुळीत नसतो. तो दबतो, लवतो, आणि त्याचे प्रत्येक वळण कमरेपर्यंत पोहोचते. धक्के बसणारच. त्यांच्याविषयी तक्रार करणारी परीक्षणे मी वाचली आहेत आणि मला ती अन्यायाची वाटतात. बैलगाडीत बसून गचके बसले म्हणून कोणी गाडीवानाशी भांडत नाही. मात्र ज्यांना मानेचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी खरोखरच बसू नये, आणि ५४ इंचांपेक्षा उंची कमी असलेल्या मुलांना बसू देत नाहीत, हे रांगेत उभे राहण्याआधी पाहून घ्यावे.

या रोलर कोस्टरचे ऐतिहासिक महत्त्व तो जुना आहे एवढ्यावर संपत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत असे लाकडी मार्ग शेकड्यांनी होते. मंदी आली, युद्ध आले, पुढे लोक मोटारी घेऊन उपनगरांत गेले आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसू लागले. तसे हे मार्ग एकामागून एक मोडीत निघाले. कोनी आयलंडवरच सायक्लोनला दोन मोठी भावंडे होती. १९२६ चा टॉर्नेडो १९७७ मध्ये आगीत गेला. १९२५ चा थंडरबोल्ट, ज्याच्या खांबांखाली चक्क एक राहते घर होते, तो कित्येक वर्षे वेलींत गुरफटून उभा राहिला आणि २००० साली पाडला गेला. सायक्लोनही जाणार होता. शेजारच्या मत्स्यालयाला वाढीसाठी जागा हवी होती, आणि मालकी तोपर्यंत शहराकडे आली होती, त्यामुळे पाडणे म्हणजे कागदावरची एक सही होती. स्थानिक लोकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, १९७५ साली शेजारच्या अॅस्ट्रोलँड उद्यानाने तो भाड्याने चालवायला घेतला, आणि डागडुजी होऊन तो पुन्हा धावू लागला. १९८८ मध्ये शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, १९९१ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेला. आज तो नव्या लूना पार्ककडून चालवला जातो. त्याच सुमाराची एक गंमत अशी की ह्यूस्टनच्या एका उद्यानाला हा सायक्लोन उचलून टेक्सासला न्यायचा होता. ते जमले नाही म्हणून १९७६ मध्ये त्यांनी याच धर्तीचा नवा बांधला. ती नक्कल २००५ साली उद्यानासकट बंद झाली. मूळ अजून चालू आहे.

येथे एक शंका येते, आणि ती वडिलांनी बोलून दाखवली. दर हिवाळ्यात सायक्लोनची लाकडे तपासतात, कुजलेली काढून नवी बसवतात. मग शंभर वर्षांत मूळचे लाकूड उरले किती? आणि नसेल उरले, तर आपण १९२७ च्या रोलर कोस्टरमध्ये बसलो असे म्हणावे का? माझे उत्तर असे, की ज्या वाड्याच्या तुळया दोन पिढ्यांनी बदलल्या तो वाडा आपण आजोबांचाच मानतो; कारण जोत्याची आखणी, चौकाचे माप आणि माजघरात येणारा उजेड तोच असतो. सायक्लोनची उतरणीची रेषा तीच आहे. १९२७ साली शिवणकामाच्या कारखान्यातून आलेल्या मुलीच्या पोटात जिथे गोळा आला, तिथेच माझ्या लेकीच्याही पोटात आला. इमारतीचा इतिहास डोळ्यांनी वाचता येतो. हा इतिहास समजायला अंगावर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी यंत्र चालू असावे लागते. वडिलांना हे उत्तर निम्मेच पटले. "गाडीचं चेसिस बदललं की आमच्याकडं ती नवीन गाडी धरायचे," असे त्यांचे म्हणणे पडले.

सायक्लोनपासून बोर्डवॉकने, म्हणजे समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्याने, पश्चिमेला थोडे चालले की वंडर व्हील येते, आणि माझ्या मते इथला खरा मुकुटमणी हाच आहे. १५० फूट उंचीचा आणि २०० टन वजनाचा हा आकाशपाळणा १९२० च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला लोकांसाठी खुला झाला. आराखडा चार्ल्स हर्मन यांचा. याला आकाशपाळणा म्हणताना थोडे थांबावे लागते, कारण आपल्या जत्रेत पाहतो तो पाळणा, किंवा त्याचा अमेरिकेतला थोर पूर्वज म्हणजे जॉर्ज फेरिस यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभारलेले २६४ फुटी चक्र, यांतले सगळे डबे परिघावर पक्के टांगलेले असतात. वंडर व्हीलच्या चोवीस डब्यांपैकी पांढरे आठच तसे आहेत. उरलेले सोळा, लाल आणि निळे, चक्राच्या आतल्या बाजूला बसवलेल्या नागमोडी रुळांवर ठेवलेले आहेत. चक्र फिरले की रुळांचा कल बदलतो, आणि कल बदलला की डबा आपल्या वजनाने आसाकडून परिघाकडे किंवा परिघाकडून आसाकडे सरकतो, टोकाला जाऊन अडतो आणि झोकांड्या खात राहतो. एका संथ चाकाच्या पोटात सोळा छोटे उतार लपवलेले आहेत, असे म्हणता येईल. फेरिसचे चाक आणि थॉम्प्सनचा उतार यांचे लग्न लावल्यासारखी ही रचना आहे. तिची कल्पना करणाऱ्या माणसाचे नाव त्या दोघांइतके कोणाला माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

पांढऱ्या आणि रंगीत डब्यांच्या रांगा वेगळ्या आहेत, तेव्हा तिकीट काढल्यावर रांग पाहून उभे राहावे. वडील पांढऱ्या रांगेत निघाले होते, पण नातीने "आजोबा, तुम्ही सरकत्या डब्यात नाही बसलात तर मग काय पाहिलंत?" असे म्हटल्यावर ते निमूट रंगीत रांगेत आले. एका डब्यात सहा माणसे बसतात. आम्ही तिघेच होतो. डबा वर चढताना काही होत नाही. जवळजवळ अर्ध्या उंचीला आल्यावर डोक्यावर रुळांची बारीक कुरकुर ऐकू येते, मग एक क्षण शांतता, आणि डबा एकदम समुद्राच्या दिशेने घसरत सुटतो. जाळीपलीकडे फक्त आकाश आणि पाणी दिसत असताना हे होते. वडिलांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, डोळे मात्र वर रुळांकडेच होते. दुसऱ्या घसरणीला ते मोठ्याने हसले. त्यांचे असे हसणे मी बऱ्याच वर्षांनी ऐकले.

खाली उतरल्यावर त्यांनी पुसेगावच्या यात्रेतल्या लाकडी पाळण्याची गोष्ट काढली. चार खोक्यांचा पाळणा, मोटर नाही; दोन गडी आऱ्यांना लोंबकळून आपल्या वजनाने तो फिरवायचे आणि पाय जमिनीला टेकवून थांबवायचे. मी त्यांना वंडर व्हीलची १३ जुलै १९७७ च्या रात्रीची हकिगत सांगितली. त्या रात्री जवळजवळ संपूर्ण न्यूयॉर्क शहराची वीज गेली आणि चाक माणसे घेऊन जागच्या जागी थांबले. मग चालकांनी ते हातांनी फिरवून प्रत्येक डबा खाली आणला. दोनशे टनांचे चाक हाताने फिरते, कारण ते तोलून बांधलेले आहे. यावर वडिलांनी पुन्हा एकदा, या वेळी वेगळ्या नजरेने, चाकाकडे पाहिले.

हे चाक आजही एका कुटुंबाच्या मालकीचे आहे, आणि तो त्याच्या टिकण्यातला मोठा भाग असावा. ग्रीसहून आलेल्या डिनोस व्हॉरडेरिस यांनी तरुणपणी आपल्या नियोजित वधूला हे चाक विकत घेऊन देण्याचे वचन दिले होते. ते त्यांनी १९८३ मध्ये पुरे केले. १९८९ मध्ये चाकालाही शहराचा संरक्षित दर्जा मिळाला. शताब्दीचे वर्ष २०२० होते आणि ते महासाथीत बंद दारांआड गेले. चाकाखालीच कोनी आयलंड हिस्टरी प्रोजेक्टची छोटी प्रदर्शनाची जागा आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि हंगामात शनिवार-रविवारी ती उघडी असते. पाळण्यांत बसण्याआधी तिथे वीस मिनिटे घालवावीत. आम्ही नंतर गेलो, ही आमची चूक झाली.

पॅराशूट जंपवर आता बसता येत नाही, त्यामुळे परीक्षणात त्याला गुण देण्याचा प्रश्न नाही, पण त्याच्याखाली उभे राहिल्याशिवाय परतू नये. जेम्स स्ट्राँग या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने सैनिकांना पॅराशूटचा सराव देण्यासाठी मनोरा तयार केला. साधी माणसेच त्यावर बसू द्या म्हणून मागे लागली, तेव्हा त्याचे खेळात रूपांतर झाले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तो उभा राहिला आणि १९४१ मध्ये उचलून स्टीपलचेस पार्कमध्ये आणला गेला. उंची अडीचशे फुटांहून अधिक, माथ्यावर फुलासारखे पसरलेले बारा बाहू. प्रत्येक पॅराशूटसाठी खाली माणसे लागत आणि वारा सुटला की सगळे थांबवावे लागे, त्यामुळे तो फार किफायतशीर कधीच नव्हता. उद्यान १९६४ मध्ये बंद पडले आणि १९६६ मध्ये त्याच्या मंडपावर हातोडा पडला. मनोरा मात्र पाडण्याचा खर्चही कोणाला परवडेना म्हणून राहिला असे म्हणतात. १९७७ मध्ये त्याला संरक्षण मिळाले, काही महिन्यांत ते काढून घेतले गेले आणि १९८९ मध्ये पुन्हा दिले गेले. त्याच्या पायथ्याजवळच्या काचेच्या मंडपात पन्नास लाकडी घोड्यांचे बी अँड बी कॅरोसेल आहे. शहराने ते २००५ मध्ये विकत घेऊन दुरुस्त केले आणि २०१३ पासून ते फिरते आहे. लहान मुले बरोबर असतील तर दिवसाची सुरुवात येथून करावी, कोरीवकाम डोळे भरून पाहण्यासारखे आहे.

खर्चाविषयी थोडे. कोनी आयलंडला एक मोठे फाटक आणि एक मोठे तिकीट असा प्रकार नाही. गंमत अशी की सगळीकडून कुंपण घालून दाराशी पैसे घेण्याची पद्धत अमेरिकेत सुरू करणाऱ्या पहिल्या उद्यानांपैकी एक, पॉल बॉयटन यांचे सी लायन पार्क, १८९५ साली याच किनाऱ्यावर उघडले. पुढे तीच पद्धत जगभरच्या थीम पार्कांनी उचलली. आज मात्र येथे फुकट फिरता येते आणि ज्यात बसायचे त्याचेच पैसे द्यावे लागतात. सायक्लोन आणि वंडर व्हील वेगवेगळ्या लोकांकडे असल्यामुळे एकाचे तिकीट दुसरीकडे चालत नाही, हे लक्षात ठेवावे. घरातल्या सगळ्यांना सारखी हौस नसते अशा वेळी ही पद्धत फारच सोयीची आहे: वडिलांचा सायक्लोनचा आनंद, कुंपणाला हात लावून घेतलेला, पूर्णपणे विनामूल्य होता. खाण्यापिण्यात मात्र सांभाळून राहावे. बोर्डवॉकवरच्या एका दुकानात आम्ही घेतलेल्या लिंबू सरबतात निम्मा पेला बर्फ होता. १९१६ पासून चालू असलेल्या नेथन्सचा हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण तो गोमांसाचा असतो. माळकरी वडीलधाऱ्यांना घेऊन गेल्यास बटाट्याचे फ्राईज घ्यावेत आणि शक्य तर घरून दशम्या न्याव्यात. आम्ही नेल्या होत्या.

गुणच द्यायचे तर वंडर व्हीलला मी पाचपैकी पाच देईन. सायक्लोनला साडेचार देईन आणि कापलेला अर्धा गुण माझ्या पन्नाशीकडे झुकलेल्या पाठीचा आहे. लेकीने त्याला पाच दिले. हंगाम साधारण मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. उद्घाटनाला सायक्लोनच्या पहिल्या डब्यावर एग क्रीमची बाटली फोडतात, आपण नारळ फोडतो तशी. या पेयात ना अंडे असते ना साय, फक्त दूध, सोडा आणि चॉकलेटचा पाक. सप्टेंबरमधले शनिवार-रविवार सर्वांत चांगले, गर्दी कमी आणि ऊन सौम्य. संध्याकाळी निघण्याची घाई करू नये, कारण अंधार पडल्यावर पॅराशूट जंपवर दिवे लागतात.

परतताना गाडी वेस्ट एट्थ स्ट्रीटच्या उंच स्थानकावर थांबली. खिडकीतून सायक्लोनचा पांढरा सांगाडा अगदी जवळ दिसत होता आणि शेवटच्या फेऱ्यांपैकी एक चालू होती. वडिलांनी विचारले, हिवाळ्यात लाकडं बदलतात म्हणालीस, ती या फलाटावरून दिसतील का? मी म्हटले, दिसत असतील बहुतेक. "मग जानेवारीत एकदा येऊन फोटो काढून पाठव. नटबोल्ट दिसतील असा, जवळनं काढ."